समुद्र एकच, वेळ वेगळा : मांडवा, मुंबई आणि कष्टकऱ्यांच्या वाटेचा इतिहास

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरून बोट सुटली की साधारण तासाभरात मांडवा येतो. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ करत अलिबागला जायचे तर शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. पाण्याने मांडवा वीस किलोमीटरच्या आत आहे. म्हणून अलिबाग तालुक्यातल्या प्लॉटच्या, बंगल्याच्या, फार्महाउसच्या जाहिरातींत मुंबई एका तासावर असल्याचे हमखास छापलेले असते.

आमचा प्रश्न साधा आहे. हा तास कुणाचा?

त्याच मांडव्याच्या पंचक्रोशीत सासवणे, आवास, किहीम, झिराड, चोंढी, धोकवडे ही गावे आहेत. या पट्ट्यातल्या बौद्धवाड्यांतून आणि आदिवासी वाड्यांतून रोज सकाळी बायामाणसे कामाला निघतात. कुणी बंगल्यावर भांडी-लादीला, कुणी माळीकामाला, कुणी बांधकामावर बिगारी म्हणून, कुणी अलिबागच्या बाजारात. कुणी रेवसहून लाँचने करंजाला उतरून उरणकडे जातो. त्यांचे अंतर पाच, दहा, फार तर वीस किलोमीटरचे. पण वाडीतून नाक्यापर्यंत चालणे, नाक्यावर मिनीडोर भरण्याची वाट पाहणे, पुन्हा उतरून आतल्या रस्त्याने बंगल्यापर्यंत चालणे हे सगळे धरले, तर समुद्र ओलांडून येणाऱ्या बंगलामालकाला जेवढा वेळ लागतो तेवढाच, कधी त्याहून जास्त वेळ त्यांना पाच-दहा किलोमीटरला लागतो.

प्रवासाला जात नसते, तिकीट काढेल तो बसेल, असे आपले पुरोगामी मित्रही म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. कामावर जाण्याचा वेळ हा श्रमाचाच भाग आहे. तो वेळ कोण ठरवतो, त्याचा खर्च कोण सोसतो आणि वाहन कुणाच्या हातात आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे या देशात जातीने आणि वर्गाने दिलेली आहेत. मांडव्याच्या किनाऱ्यासमोरून गेलेला शंभर वर्षांचा इतिहास आमच्या बाजूने साक्ष देतो.

चालणे हीच वेठ

आज आपण प्रवास म्हटले की वाहन समजतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात अस्पृश्याचा प्रवास म्हणजे पाय. आणि हे पायही त्याचे स्वतःचे नव्हते.

देशावरच्या महार वतनात गावकीची जी कामे होती, त्यांतली कितीतरी कामे निव्वळ चालण्याची होती. सरकारी टपाल तालुक्याला पोचवणे, वसुलाच्या पैशाबरोबर राखणीला जाणे, साहेब दौऱ्यावर आला की त्याचे सामान वाहणे, कुणी मेले की परगावच्या नातेवाइकांना सांगावा घेऊन धावणे. ऊन असो, पाऊस असो, घरात बाळंतीण असो, हाक आली की निघायचे. या चालण्याला तास नव्हते आणि धड मजुरीही नव्हती. मोबदला म्हणून वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुते.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यावेळच्या त्यांच्या मांडणीचा गाभा जमिनीइतकाच वेळेचाही होता. वतनदार महार दिवसाचे चोवीस तास सरकारच्या बोलावण्याला बांधलेला आहे, तो हजर नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला जुंपले जाते, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. ज्याचा वेळ दुसऱ्याच्या मालकीचा, त्याला दुसरीकडे रोजगार धरता येत नाही, शाळा धरता येत नाही, चळवळही धरता येत नाही. हे वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

कोकणात वतनापेक्षा खोतीचा फास मोठा होता. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. १९८१ साली त्याचे नाव बदलले. या जिल्ह्यात कुळाने खोताला धान्याचा खंड तर द्यायचाच, वर वेठही द्यायची. खोताच्या शेतावर फुकट नांगर धरायचा, खोताची ओझी वाहायची. महार, आगरी, कुणबी, कातकरी सगळेच या चरकात होते. फक्त उतरंडीत कोण किती खाली, एवढाच फरक. दुसऱ्याच्या कामासाठी, दुसऱ्याने ठरवलेल्या वेळी, आपल्या पायांनी, आपल्या खर्चाने जाणे ही कोकणातल्या श्रमिकाच्या प्रवासाची पहिली ओळ आहे. पुढच्या ओळी याच अक्षरात लिहिल्या गेल्या.

धरमतरची वाट का टाळली?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईहून कुलाबा जिल्ह्यात उतरायची नेहमीची वाट पाण्याची होती. मुंबईहून आगबोट धरमतरच्या खाडीत शिरे, रेवसला उतारू चढत-उतरत, आणि धरमतरला उतरून पुढे मोटारीने किंवा बैलगाडीने पेण, नागोठणे, महाड गाठता येई. ही वाट मांडव्याच्या अगदी शेजारून जाते.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरायची होती. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल आपल्या माणसांची डोकी फुटली होती. त्या मार्चच्या परिषदेला कुलाबा-रत्नागिरीच्या खेड्यांतून माणसे पायी आली होती, पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत, दोन-तीन दिवसांच्या भाकरी फडक्यात बांधून. आणि परतताना त्यांना वाटेवरच्या गावांत अडवून मारले गेले. परिषदेच्या मंडपाइतकीच परिषदेकडे जाणारी वाट धोक्याची होती.

म्हणून डिसेंबरला कोणत्या वाटेने जायचे हा साध्या सोयीचा प्रश्न उरला नव्हता. धरमतरची वाट जवळची होती. पण धरमतरहून महाडपर्यंत मोटार लागते, आणि मोटारी होत्या सवर्ण मालकांच्या. त्यांनी बहिष्कार घातला, मोटारी दिल्या नाहीत, तर शेकडो माणसे वाटेत अडकून पडणार. याउलट समुद्राने खाली जाऊन सावित्रीच्या खाडीतल्या दासगावला उतरले, तर तिथून महाड पाचेक मैल. मोटार नाही मिळाली तरी चालत गाठता येते. म्हणून बाबासाहेब आणि मुंबईचे सुमारे दोनशे प्रतिनिधी २४ डिसेंबर १९२७ रोजी 'पद्मावती' बोटीने निघाले आणि २५ तारखेच्या दुपारी दासगावला पोचले. तिथे हजारो सत्याग्रही त्यांची वाट पाहत उभे होते. तिथून सगळे महाडला चालत गेले आणि त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली.

महाडच्या इतिहासात आपण तळे सांगतो, मनुस्मृती दहन सांगतो. ही वाटेची निवड मात्र एका ओळीत संपवतो. आमच्या मते ती निवड हा वाहतुकीवरचा आंबेडकरी विचारच आहे. वाहन दुसऱ्याच्या हातात असेल तर जवळची वाट लांबची होते. जिथे आपले पाय आपल्याला शेवटपर्यंत नेऊ शकतात, तीच वाट भरवशाची. ज्या समाजाला तिकिटाचे पैसे खिशात असूनही गाडीत जागा मिळण्याची खात्री नव्हती, त्या समाजाने काढलेला हा हिशेब आहे.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आठवणींतही अस्पृश्यतेचे पहिले चटके घराबाहेरच्या प्रवासातलेच आहेत. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. ती महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि गाडीवाले दुप्पट भाडे देऊनही गाडी हाकायला तयार होईनात. १९२९ साली चाळीसगावला ते सरकारी समितीचे सदस्य म्हणून आले होते, परदेशातल्या पदव्या गाठीशी होत्या. तरी टांगेवाल्याने महाराला बसवून टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि त्यांच्यातल्याच एका अननुभवी माणसाने तो हाकला. नदीवरच्या मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेब फेकले गेले. प्रवासाला जात नसते म्हणणाऱ्यांनी या दोन प्रसंगांचे उत्तर द्यावे.

१९२३ च्या बोले ठरावात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर धर्मशाळाही होत्या, हेही विसरू नये. धर्मशाळा म्हणजे वाटसरूची रात्र. ज्याला रात्रीचा निवारा नाही, त्याचा प्रवास एका दिवसाच्या चालीपुरता. कामाच्या शोधात तो किती लांब जाऊ शकेल, हे धर्मशाळेच्या दाराने ठरवले होते.

आगबोट, गिरणी आणि रामदास

तरीही माणसे निघाली. खोती आणि वेठीतून सुटायचा एक दरवाजा समुद्रात होता. कोकणातला महार मुंबईला आला तो गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेच्या सफाई खात्यात आणि कापड गिरण्यांत. या प्रवासात रोजचे जाणे-येणे नव्हते. पावसाळ्यात शेतीला, शिमग्याला, लग्नाकार्याला गावी जायचे. बाकी वर्षभर मुंबईच्या चाळीतल्या खोलीत गावची दहा-पंधरा माणसे. मनिऑर्डर समुद्र ओलांडून जात होती, माणूस वर्षातून एक-दोनदा.

मुंबईत पोचले म्हणून जात बंदरावर राहिली नाही. गिरणीतल्या विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्याला प्रवेश नाही. कारण काय? तुटलेला धागा धोट्यातून ओढताना तोंडाने ओढावा लागे, आणि महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. मग आपला माणूस रिंग खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारला. कामगारांची एकजूट म्हणता, तर विणकाम खात्याच्या दाराशी ती का थांबते? हाच प्रश्न आज वाहतुकीबद्दल विचारला पाहिजे. कोकणचा विकास म्हणता, तर तो बौद्धवाडीच्या फाट्याशी का थांबतो?

या आगबोटींच्या काळाची सर्वांत मोठी किंमत ज्या दिवशी मोजली गेली, तो दिवस मांडवा-रेवसचा किनारा विसरलेला नाही. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना उरला होता. गटारी अमावास्येच्या सुमाराला घरी निघालेल्या चाकरमान्यांनी, बाजारकरूंनी भरलेली 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे सुटली आणि भर पावसाळ्याच्या खवळलेल्या समुद्रात थोड्याच वेळात कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. सकाळी बुडालेल्या बोटीची बातमी मुंबईला पोचायला संध्याकाळ व्हावी लागली. रेवस बाजूच्या कोळ्यांनी आपल्या मासेमारीच्या होड्यांतून कितीतरी माणसे वर काढून वाचवली.

'रामदास'ची आठवण दर वर्षी अपघात म्हणून काढली जाते. आम्ही ती कामगारांच्या प्रवासाचा इतिहास म्हणून काढतो. भर पावसात त्या बोटीत लोक का चढले? कारण सुट्टी तेवढीच होती. पाण्याखेरीज जी वाट होती, तिने एवढ्या सुट्टीत घरी जाऊन परत येणे होत नव्हते. वेळ आपल्या हातात नसला की धोका आपल्या वाट्याला येतो.

चरीचा संप आणि मुंबईवरचा मोर्चा

याच अलिबाग तालुक्याने प्रवासाची दुसरीही रीत दाखवली. खारेपाटातल्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला. पंचवीस गावांतल्या शेतकऱ्यांनी खोत-सावकारांची जमीन कसायला नकार दिला. हा संप सहा वर्षे चालला. जमीन कसणे थांबले म्हणजे घरातले धान्य थांबले. मग लोकांनी जंगलातली लाकडे विकून, मिळेल तिथे मजुरी करून दिवस काढले. बायामाणसे डोक्यावर मोळी घेऊन मैलोन्‌मैल चालली, पण खोताच्या बांधावर गेली नाहीत. चालणे तेच होते. फक्त आता कुणाच्या हुकमाने चालायचे हे त्यांनी स्वतः ठरवले होते.

बाबासाहेब या लढ्याच्या मागे उभे राहिले. १९३४ साली ते चरीच्या परिषदेला आले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले आणि देशावरचे हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. एरवी वर्षातून एकदा सुट्टी मागून गावी जाणाऱ्या माणसाने मजुरी बुडवून, पदरचे भाडे घालून मुंबई गाठली ती मालकाकडे काम मागायला नव्हे, सरकारला जाब विचारायला. खोती कायद्याने १९४९ साली गेली.

चरीचा हा वारसा आज अलिबाग तालुक्यात सगळेच सांगतात. पण चरीच्या कुळांनी जी जमीन खोताच्या तावडीतून सोडवण्यासाठी उपाशी दिवस काढले, त्याच तालुक्यातली किनाऱ्यालगतची जमीन पुढच्या पिढ्यांत बंगल्यांसाठी विकली गेली. आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्या बौद्ध आणि कातकरी कुटुंबांना विक्रीचा पैसाही मिळाला नाही. त्यांच्या वाट्याला आले बंगल्यावरचे काम आणि बंगल्यापर्यंतची वाट.

आठ तासांच्या बाहेरचे तास

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातला कामाचा आठवडा १९४६ च्या दुरुस्तीने ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठ तासांचा दिवस कायद्याच्या पुस्तकात शिरला. वेळ हा कामगाराचा आहे, मालकाला त्यातला ठरावीक हिस्सा पैसे मोजून मिळतो, हे तत्त्व त्यामागे आहे. वतनाच्या चोवीस तासांविरुद्ध १९२८ साली बोलणाऱ्या माणसाच्या हातूनच हे काम पुढे जावे, यात आम्हाला योगायोग दिसत नाही.

पण आठ तासांचा काटा कारखान्याच्या फाटकापासून चालू होतो. फाटकापर्यंतची वाट त्यात धरलेली नाही. आणि ज्यांच्या कामाला फाटकच नाही, त्या घरकामगार, माळी, बिगारी, शेतमजूर यांच्यासाठी तर काटाच नाही. एक साधा हिशेब करू. जायला दीड तास आणि यायला दीड तास धरले, तर महिन्याच्या २६ दिवसांत ७८ तास होतात. म्हणजे आठ तासांचे जवळजवळ दहा दिवस. महिन्याला दहा दिवसांचा हा श्रम मालकाच्या कामासाठीच होतो आणि त्याचा एक पैसाही मिळत नाही. उलट भाडे आपणच भरतो. जुन्या काळी याला वेठ म्हणत. आज याला काही नाव नाही एवढेच.

या देशात कामावर जाण्याच्या वाटेची किंमत मान्य करणारा एक कायदा झाला, तो रोजगार हमीचा. महाराष्ट्राने १९७७ साली आपला कायदा केला आणि २००५ साली देशाचा झाला. २००५ च्या कायद्याने काम घरापासून पाच किलोमीटरच्या आत द्यायचे आणि त्यापेक्षा लांब दिले तर प्रवासासाठी मजुरीच्या दहा टक्के जादा द्यायचे असे ठरवले. देशातल्या सर्वांत गरीब मजुरासाठी सरकार हे तत्त्व मान्य करू शकते, तर कोट्यवधींच्या बंगल्याचा मालक का करू शकत नाही?

सरकार हे तास मोजते तरी का? २०११ च्या जनगणनेत कामाचे ठिकाण घरापासून किती लांब आणि तिथे कशाने जाता, असे विचारले गेले. पण ते विचारले 'इतर कामगार' या गटाला. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार त्यातून वगळले. म्हणजे परगावच्या बांधावर रोज पायी जाणारी शेतमजूर बाई या तक्त्यातच नाही. ज्यांना विचारले त्या सुमारे २० कोटी लोकांपैकी साडेचार कोटी पायी कामाला जातात, असे निघाले. मोटारीने जाणारे शंभरात तिघांहून कमी. आणि ज्यांना विचारले त्यांनाही किलोमीटरच विचारले, वेळ विचारला नाही. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने वेळ मोजला, पण ते नमुना सर्वेक्षण. त्यातून वाडीनिहाय चित्र उभे राहत नाही. मांडव्याच्या बाबतीत किलोमीटर काय सांगतात? मालकाचे वीस किलोमीटर तासाभराचे, आणि मोलकरणीचे आठ किलोमीटरही तासाभराचे. अंतर मोजले तर मालक लांबून येतो. वेळ मोजला तर कोण लांब आहे ते कळते.

आजचा मांडवा

आज मांडव्याच्या धक्क्यावर गेटवेहून कॅटामरान येतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट येते, जिच्या पोटात मोटारी चढवून नेता येतात. कॅटामरान पावसाळ्यात बंद असतात. रो-रो मोठी असल्याने पावसाळ्यातही चालते. 'रामदास'च्या किनाऱ्यावर सुरक्षित आणि बारमाही बोट यावी ही चांगलीच गोष्ट आहे. बोटीला आमचा विरोध नाही, असण्याचे कारणही नाही. आमची तक्रार तिकिटाच्या रचनेबद्दल आहे.

कॅटामरानचे येण्याजाण्याचे तिकीट एका दिवसाच्या रोजगार हमी मजुरीहून जास्त आहे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात ही मजुरी २९७ रुपये होती. याउलट कल्याणहून मुंबईला पन्नास किलोमीटरहून जास्त अंतर असून उपनगरी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास तीनशे-साडेतीनशेच्या घरात मिळतो. म्हणजे कल्याणच्या कामगाराचा महिना आणि मांडव्याच्या मजुराचा एक दिवस एका भावात. मुंबईत रोज कामाला जाणारा मांडव्याचा मजूर आपल्याला का दिसत नाही, त्याचे उत्तर या दोन तिकिटांत आहे. समुद्रापलीकडे रोजगाराचा डोंगर उभा आहे आणि वाटेत तिकीट उभे आहे.

रस्त्याची गोष्ट वेगळी नाही. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. साधारण बावीस किलोमीटरचा हा पूल सार्वजनिक पैशाने झाला. त्यावर मोटारसायकलला बंदी, रिक्षाला बंदी. कामगाराच्या घरात असले तर हेच वाहन असते. त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकल पोचली हे खरे, आणि तिचे स्वागत. पण मांडवा-रेवसच्या माणसाला ती लोकल गाठायला आधी खाडी ओलांडावी लागते. रेवस-करंजा पुलाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून, १९८० पासून, ऐकतो आहोत. अलिबागच्या थळ कारखान्यापर्यंत खतासाठी रेल्वेचा रूळ आला, माणसांसाठी अजून आलेला नाही. खताची गोणी रेल्वेने जाते आणि ती भरणारा माणूस मिनीडोरला लटकून.

राज्य सरकारने मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट केले. चांगला निर्णय आहे. पण अर्धे तिकीट कामाला येते ते एसटी आली तर. ज्या वाडीच्या फाट्यावर दिवसातून मोजक्याच वेळा एसटी थांबते, तिथल्या घरकाम करणाऱ्या बाईला मिनीडोरचे पूर्ण भाडेच भरावे लागते. २०२१-२२ च्या एसटी संपात तर कित्येक महिने तेही पर्याय संपले होते.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, बंगले आले म्हणून रोजगार आला, नाहीतर काय होते? आमचे उत्तर असे की खोतही हेच म्हणत असे. माझी जमीन आहे म्हणून तुला पीक आहे. रोजगार देणे हे उपकार नाहीत आणि रोजगारापर्यंतची वाट मजुराने फुकट चालावी असे कुठे लिहिलेले नाही. दुसरा आक्षेप, बोटी खाजगी कंपन्यांच्या आहेत, भाव बाजार ठरवणार. बोट खाजगी असेल. समुद्र खाजगी नाही, आणि धक्काही नाही. मांडव्याचा धक्का मेरीटाइम बोर्डाचा, म्हणजे जनतेचा आहे. जनतेच्या धक्क्याला बोट लावायची परवानगी देताना जनतेच्या वतीने अट घालता येते. चवदार तळेही नगरपालिकेचे होते. सार्वजनिक वस्तूचा लाभ काहींनाच का, हा प्रश्न महाडने विचारला. तो मांडव्याच्या धक्क्यावरही विचारता येतो.

मागण्या

म्हणून आम्ही या मागण्या मांडतो.

एक. मांडवा आणि रेवसच्या प्रत्येक प्रवासी बोटीत कामगारांसाठी उपनगरी रेल्वेच्या धर्तीवर मासिक पास असावा, आणि धक्का वापरण्याच्या परवान्यात ही अट असावी.

दोन. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या बोटींशी जुळणारी एसटी बौद्धवाडी आणि आदिवासी वाड्यांच्या फाट्यावरून सुटावी. बोटीला जोडलेली बस फक्त पर्यटकाला अलिबागला नेण्यासाठी नसावी.

तीन. राज्यात घरकामगारांसाठी २००८ सालचा कल्याण मंडळाचा कायदा आहे. पाच किलोमीटरपलीकडे दहा टक्के हे रोजगार हमीचे तत्त्व त्यात आणावे. घरकामगार, माळी आणि राखणदार यांना प्रवासभत्ता हक्काने मिळावा.

चार. येत्या जनगणनेत शेतमजुरांसह प्रत्येक कामगाराला कामावर जायला किती वेळ लागतो हे विचारावे, आणि उत्तर जातनिहाय जाहीर करावे.

या मागण्या शासन आपणहून देईल अशी आमची समजूत नाही. वतन आपणहून गेले नाही, खोती आपणहून गेली नाही. त्यासाठी पंचक्रोशीतल्या घरकाम करणाऱ्या बायांची, मिनीडोरवाल्यांची, लाँचवरच्या खलाशांची आणि वाड्यांमधल्या तरुणांची एक संघटना हवी. पहिले काम अगदी साधे आहे. प्रत्येक वाडीत वही ठेवा. घरातून किती वाजता निघालो, कामावर किती वाजता पोचलो, भाडे किती गेले, एवढे तीन रकाने महिनाभर भरा. सरकार जे मोजत नाही ते आपण मोजू. महिनाअखेर बेरीज झाली की ती वही घेऊन तहसील कचेरीत जाऊ आणि विचारू, की ही वेठ किती दिवस?

बाबासाहेबांनी धरमतर सोडून दासगाव निवडले तेव्हा आपल्याकडे मोटारी नव्हत्या, पाय होते आणि हिशेब होता. दोन्ही आजही आपल्याकडे आहेत.

जय भीम!